अंधाराची पेटी

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. कराडजवळच्या आमच्या घरी वळवाचा पाऊस झाला, कुठेतरी झाड तारांवर पडलं आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला लाईट गेली. एरवी यात सांगण्यासारखं काही नाही. पण तेव्हा आण्णा, म्हणजे माझे वडील, घरीच ऑक्सिजनवर होते. पलंगाशेजारचं कॉन्सन्ट्रेटर यंत्र दिवसरात्र घुरघुरायचं. लाईट गेली, इन्व्हर्टरने भार उचलला आणि आम्ही निर्धास्तपणे जेवायला बसलो.

इन्व्हर्टर चार तास चालेल असा माझा हिशेब होता. दीडशे अँपिअर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी, म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. यंत्र साधारण साडेतीनशे वॉट खातं. मधली गळती धरली तरी चार तास निघतात. पण बॅटरी पाच वर्षांची झाली होती, हे मी हिशेबात घेतलं नव्हतं. पावणेनऊला तिने शिट्टी मारली आणि मान टाकली. यंत्र थांबल्यावर घरात जी शांतता पसरली, ती अजून माझ्या कानात आहे.

घाबरायचं खरं कारण नव्हतं. कोपऱ्यात दीड घनमीटरचा भरलेला सिलिंडर उभा होता. मिनिटाला दोन लिटर धरले, तर बारा तासांची सोय. फक्त तो उघडायचा पाना सापडेना. मोबाईलच्या उजेडात आम्ही फडताळं, ड्रॉवर, पलंगाखालचे डबे उपसत होतो. आण्णा उशीला टेकून काही न बोलता आमच्याकडे बघत होते. अकरा मिनिटांनी पाना आईच्या शिलाई मशीनच्या खणात मिळाला. गॅसच्या शेगडीचा नट आवळायला तो मीच नेला होता आणि जागेवर ठेवला नव्हता.

आण्णा त्या रात्रीतून निभावले. श्वास जरा ताळ्यावर आल्यावर म्हणाले, "तुझी आजी असती ना, तर तुला उभा केला असता."

त्या वाक्यापासून मी आमच्या घराच्या अंधाराचा इतिहास शोधू लागलो. तो शोधताना लक्षात आलं, की आमच्या तालुक्याचा आणि एका अर्थी महाराष्ट्राच्या विजेचाही इतिहास त्यातच गुंतलेला आहे.

आजीच्या स्वयंपाकघरात दाराच्या डाव्या हाताला एक कोनाडा होता. त्यात कंदील, काड्यापेटी, सुटी वात, जुन्या धोतराचं फडकं आणि रॉकेलची बाटली असायची. त्या कोनाड्यात दुसरं काही ठेवायची कोणाची टाप नव्हती. रोज तिसऱ्या प्रहरी ती कंदिलाची काच राखेने पुसायची, वातीचं जळकं टोक कात्रीने सरळ कापायची आणि टाकी हलवून रॉकेल किती उरलंय ते आवाजावरून ओळखायची. वात वाकडी कापली की ज्योत एका बाजूने भडकते, काच काजळते आणि कधी तडकतेही. आपत्कालीन तयारी हा शब्द तिने ऐकला नव्हता. दिवेलागणीच्या आधी उरकायचं ते एक काम होतं, इतकंच.

तो कंदील 'प्रभाकर' होता. आमच्या भागात दुसरा असणं शक्यच नव्हतं, कारण तो आमच्याच शेजारी जन्मला. ओगले बंधूंनी 1916 मध्ये औंध संस्थानच्या जागेत, कराड स्टेशनच्या बाजूला काचेचा कारखाना उभारला. त्या वस्तीचं नाव पुढे ओगलेवाडी पडलं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं औंध संस्थान छोटं, पण उद्योगाला जागा देण्यात मोठ्या मनाचं. किर्लोस्करवाडीही त्याच संस्थानातली. पहिल्या महायुद्धाने परदेशी काचसामानाची आवक रोडावली होती आणि स्वदेशीची हवा होती. कंदिलाच्या काचा, मग अख्खा कंदील असं करत ओगल्यांनी वडिलांचं नाव घराघरांत पोहोचवलं. प्रभाकर म्हणजे सूर्य. रात्री टांगायच्या वस्तूला याहून चांगलं नाव मिळणं कठीण.

हा कंदील ज्या जातीचा, तिची करामत दोन्ही बाजूंच्या नळ्यांत असते. लहानपणी मला त्या नुसत्या धरायच्या दांड्या वाटायच्या. प्रत्यक्षात त्या ज्योतीला हवा पुरवतात. म्हणून हा दिवा वाऱ्यापावसात गोठ्यापर्यंत जातो, पिकाला पाणी द्यायला जातो आणि विझत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ही रचना निघाली आणि जगभर 'हरिकेन' नावाने गेली. देवघरातली समई घरातला अंधार घालवते. कंदील घराबाहेरच्या अंधारात माणसासोबत चालतो.

ओगलेवाडीपासून पश्चिमेला पन्नास-साठ किलोमीटरवर कोयनेचं धरण झालं. 1962 मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून वीज सुरू झाली. एकाच नदीच्या अंगाने, एका बाजूला कंदील घडवणारी वाडी आणि दुसऱ्या बाजूला कंदील हद्दपार करणारं धरण. धरणासाठी उठलेल्या गावांना पुढे साध्या नागरी सोयींसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली, हेही याच गोष्टीत येतं. दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्याकडे अलंकार म्हणून वापरावी लागत नाही.

आमच्या घरी वीज आली तेव्हा आजोबांनी कंदील माळ्यावर टाकायला काढला होता. आजीने तो परत कोनाड्यात ठेवला. "तारेचा दिवा दुसऱ्याच्या हातात, हा आपल्या हातात," एवढंच ती म्हणाली.

11 डिसेंबर 1967 ची पहाट. चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दीडशेहून जास्त माणसं गेली. कोयनेची वीजनिर्मिती थांबली आणि तिच्यावर विसंबलेल्या दूरच्या शहरांनाही फटका बसला. आण्णा तेव्हा बारा वर्षांचे होते. भांडी कोसळत होती, कौलं घसरत होती आणि मिट्ट काळोखात आजीने डावा हात लांब करून कंदील उचलला. तिला तो शोधावा लागला नाही. पण तिने तो आत पेटवला नाही. सगळी पोरं अंगणात आल्यावर, माणसं मोजून झाल्यावर, मगच काडी ओढली. "घर हलत असताना रॉकेलचा दिवा लावला असता आणि पडला असता, तर भूकंपातनं वाचून आगीत गेलो असतो," असं ती पुढे सांगायची. त्यानंतरच्या रात्री सगळा गाव थंडीत बाहेर झोपला. हादरे येतच होते. त्या दिवसांत माळ्यावरचे किती कंदील खाली आले असतील!

चारच वर्षांनी, 1971 च्या युद्धात, अंधाराचा वेगळा अनुभव आला. मुंबईत माझ्या आत्याच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते, गाड्यांचे दिवे अर्धे रंगवले होते. वीज होती, पण उजेड बाहेर दिसू द्यायचा नव्हता. पुढे तेलाचे भाव भडकले आणि रॉकेलच्या रांगा लागल्या. रेशनकार्ड आणि पत्र्याचा डबा घेऊन बायका सकाळपासून उभ्या. कोनाडा तयार ठेवायचा, तर त्यात घालायला रॉकेल हवं. महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत ज्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांच्या मागण्यांत हे रॉकेलही होतं.

मुंबईचं गणित मात्र आमच्यापेक्षा निराळं. खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून 1915 पासून तिला वीज मिळत होती. बाहेरचं जाळं कोसळलं तर शहराला अलग काढून सांभाळायची व्यवस्था 1981 पासून आहे. त्यामुळे आत्याच्या घरात मेणबत्तीसुद्धा वाढदिवसाच्या केकवरचीच मिळायची. 26 जुलै 2005 च्या पावसात उपनगरांतले अनेक भाग दिवसच्या दिवस अंधारात राहिले, तेव्हा तिने पहिल्यांदा फोनवर विचारलं, "आईचा तो कंदील अजून आहे का रे?" 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल रुळांवर थांबल्या. काही तासांचाच तो प्रकार, पण टाळेबंदीच्या काळात माणसं घरातून काम करत होती आणि रुग्णालयं भरलेली होती.

आणि लोडशेडिंग. सरकारी भाषेत भारनियमन. शब्द असा, की जणू कोणी मोठी शिस्त लावतंय. मागणीइतकी वीज नव्हती. 1992 मध्ये ज्याच्या बोलणीला सुरुवात झाली तो दाभोळचा प्रकल्प 1999 मध्ये सुरू झाला, दरावरून वाद पेटला आणि 2001 मध्ये बंद पडला. मधल्या वर्षांत पुरेशी नवी निर्मिती उभी राहिली नाही. 2005 मध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि नेमकी त्याच सुमाराला टंचाई टोकाला गेली. वर्तमानपत्रांत वेळापत्रकं छापून येऊ लागली. कोणत्या भागातली वीज किती तास घालवायची, हे तिथली गळती आणि थकबाकी पाहून ठरू लागलं. म्हणजे शेजाऱ्याने आकडा टाकला असेल, तर बिल भरणाऱ्याच्या घरीही काळोख.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागलो होतो. 2006 मध्ये पुण्याने तोडगा काढला. कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, वाचलेली वीज शहराला द्यायची आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांनी सोसायचा. माझ्या खोलीतला पंखा फिरत राहिला. त्याच रात्री घरी फोन केला की आई म्हणायची, "दुपारपासून लाईट नाही. गिरणीत दळण अडकलंय, टाकीत पाणी नाही." शेतीपंपांची वीज तर रात्रीची. आण्णा बॅटरी आणि काठी घेऊन उसात जायचे. साप, रानडुकरं, पुढे पुढे बिबटे. अंधार सगळ्यांवर सारखा पडतो असं आपण समजतो, पण तो वाटून दिला जात होता, आणि वाटप कसं झालं हे मी पंख्याखाली बसून बघत होतो.

याच वर्षांत घराघरांत इन्व्हर्टर आला. ज्याची ऐपत होती त्याने आपल्यापुरती वीज साठवली. ज्याची नव्हती त्याच्याकडे कंदील उरला, आणि पुढे रेशनचं निळं रॉकेलही आटत गेलं. ओगलेवाडीचा कारखानाही बंद पडला. नाव तेवढं राहिलं.

इन्व्हर्टरने आमच्या घरात आणखी एक गोष्ट केली. तो आल्यावर आईने कोनाड्यात मिक्सर ठेवला. लाईट गेली हे कळायच्या आधीच दिवे लागत होते, मग कोनाडा कशाला? रोज काच पुसणारा हात थांबला. त्यासोबत रोज एकदा 'आज रात्री लाईट गेली तर?' असा विचार करणारं मनही थांबलं. मे महिन्यातल्या त्या अकरा मिनिटांत मी खरं तर पाना शोधत नव्हतो. पाना जागेवर ठेवायची सवय शोधत होतो.

आता आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. दाराच्या डाव्या हाताला, मिक्सरच्या जागी. तिच्यात दोन टॉर्च, त्यांचे सेल वेगळे काढून ठेवलेले, कारण आतच राहिले तर पाझरतात. डोक्याला बांधायचा एक दिवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. भरलेली पॉवर बँक. साधा बटणांचा फोन. डॉक्टर, वायरमन, सिलिंडरवाला आणि शेजारी यांचे नंबर कागदावर, कारण मोबाईल बंद पडला की त्यातले नंबरही जातात. थोडी रोख रक्कम. आठवड्याची औषधं. आईच्या इन्सुलिनसाठी छोटं मातीचं मडकं. त्याच्याभोवती ओली वाळू आणि आत पिशवीत बांधलेली बाटली, फ्रिज बंद असताना तेवढा गारवा पुरतो. मेणबत्त्या आहेत, पण उंच काठाच्या वाटीत, आणि ऑक्सिजनच्या खोलीत न्यायच्या नाहीत असं वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. पाना सिलिंडरच्याच गळ्यात दोरीने बांधला आहे. बॅटरी किती टिकते हे आता कागदावर काढत नाही. तीन महिन्यांतून एकदा मेन स्विच बंद करून घड्याळ लावतो.

आण्णा मागच्या हिवाळ्यात गेले. यंत्र परत केलं, सिलिंडरही गेला. पाना मात्र मी पेटीतच ठेवला आहे. तसा त्याचा उपयोग काही नाही.

पेटी तपासायचा दिवस ठरवताना मला आजीचाच दिवस आठवला. आषाढातली दिव्याची अमावास्या. हल्ली ती भलत्याच कारणासाठी ओळखली जाते, पण आजी त्या दिवशी घरातले सगळे दिवे बाहेर काढायची. समया, निरांजनं, लामणदिवा आणि त्यांच्या रांगेत काच लखलखीत केलेला प्रभाकरही. चिंचेने, राखेने घासायचे, पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, कणकेचे गोड दिवे करायचे. ऐन पावसाळ्यात, पुढे सगळी अंधारी रात्रपाळी असताना, वर्षातून एकदा प्रत्येक दिवा हातात घेऊन बघायचा. ती त्याला पूजा म्हणायची.

यंदा आईने पाट मांडला तेव्हा मी पेटी उघडून टॉर्च, डोक्याचा दिवा आणि पॉवर बँक तिच्यापुढे ठेवली. मला वाटलं, ती हसेल. तिने टॉर्च दोनदा लावून पाहिला, पदराने पुसला आणि समईच्या शेजारी ठेवला. मग माळ्याकडे बोट करून म्हणाली, "तो पण काढ खाली."

कंदिलाच्या टाकीला गंज चढलाय, पण काच शाबूत आहे.