दप्तर हलवताना

वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा अजून उभा आहे. कृष्णेचा घाट, वडाची झाडं, मोठी घंटा हे सगळं पाहून लोक परत येतात. त्या वाड्यात एके काळी जे होतं ते मात्र आता तिथे नाही. नाना १८०० साली गेले. त्यांचे कागद पुढे शंभरेक वर्षं टिकून राहिले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांच्या हाती आले. पारसनिसांनी त्यांतले पुष्कळ आपल्या 'इतिहास संग्रह' मासिकातून छापले. १९२५ साली साताऱ्यात त्यांच्या संग्रहाचं संग्रहालय झालं, १९२६ मध्ये ते वारले आणि १९३९ साली तो सगळा संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. मेणवली, सातारा, पुणे. आज 'मेणवली दप्तर' पाहायचं तर पुण्याला जावं लागतं.

आपण इतिहास वाचतो तेव्हा पत्र कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं एवढंच बघतो. ते पत्र एका घरातून दुसऱ्या घरात कुणी उचलून नेलं, हे कुणी विचारत नाही. पण ते कुणी नेलं नसतं तर वाचायला काही उरलंच नसतं. हा विचार मला सुचला तो एका अगदी आजच्या कामामुळे. सांगलीच्या माझ्या मामांचा जुना संगणक साताऱ्याला आणून त्यातल्या दहा वर्षांच्या इमेल नव्या संगणकावर उतरवायचं काम माझ्याकडे आलं.

मामा हळदीचे अडते. २००२ साली त्यांनी संगणक घेतला आणि आउटलुक एक्स्प्रेसवर मेल सुरू केली. ते गेल्यावर यंत्र कापडाखाली झाकून पडलं होतं. मामी म्हणाली, "तुझ्या मामांची पत्रं तेवढी नीट उतरवून दे रे. डबड्याचं काय करायचं ते तू बघ." 'पत्रं' हाच तिचा शब्द. त्या काळी काही मराठी संकेतस्थळांवर इमेलला 'विरोप' म्हणत, पण आमच्या घरी तो शब्द कधी पोचला नाही.

आता कुणी म्हणेल, मेल तर कुठूनही उघडता येते, ती उतरवायची कशाला? हल्ली ती दूरच्या सर्व्हरवर राहते म्हणून तसं वाटतं. तेव्हाची पद्धत वेगळी होती. मेल पीओपी पद्धतीने घरच्या संगणकावर ओढून घेतली जायची आणि सर्व्हरवरची प्रत बहुधा लगेच पुसली जायची. सर्व्हरवर जागाच मोजकी मिळत असे. २००४ च्या एप्रिलमध्ये जीमेलने एक जीबी देऊ केली तेव्हा लोकांना ती एप्रिल फुलची थट्टा वाटली होती. म्हणजे मामांच्या मेलची जगातली एकमेव प्रत त्या कापडाखालच्या डब्यात होती. दप्तर वाड्यात असायचं तसं.

सांगलीच्या माणसाला पेव सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीत हळद साठवायची पेवं होती. तोंड चिंचोळं, पोट मोठं. तोंड बंद केलं की आत हळद वर्षानुवर्षं चांगली राहते. पण ते उघडणं जाणत्याचं काम. आतली हवा कोंदलेली असते, एकदम उतरलं तर जीव जातो. आउटलुक एक्स्प्रेसच्या फायली मला तशाच वाटल्या. प्रत्येक कप्प्याची एकच फाइल, शेवटी 'डीबीएक्स' असं आडनाव, आणि ती अशा लपवलेल्या फोल्डरात की शोधणाऱ्याला सापडू नये. आलेली हजारो पत्रं एका फाइलच्या पोटात. ती फाइल दोन जीबीच्या घरात पोचली की बिघडायची, आणि बिघडली की पोटातलं सगळंच अडचणीत. सीडीवर घालून दुसरीकडे नेलीत तर उतरताना फायलींना 'फक्त वाचा' अशी खूण चिकटते आणि मग नवा आउटलुक एक्स्प्रेस त्या घेतच नाही. ती खूण हाताने काढावी लागते. शिवाय विस्टापासून आउटलुक एक्स्प्रेसच उरला नाही. म्हणून वाट अशी काढली: आधी हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रत. मग जुन्याच संगणकावर थंडरबर्ड घालून त्यात मेल ओढून घेतली. थंडरबर्ड ती 'एमबॉक्स' या साध्या प्रकारात ठेवतो, एकाखाली एक पत्र, नुसत्या मजकुरासारखं. मग तो कप्पा उचलून नव्या संगणकावर.

हे चालू असताना माझ्या डोळ्यांसमोर मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे होते. शाळेत संस्कृत शिकवणारा हा माणूस पटवर्धन सरदारांच्या दप्तरांत बसून मोडी पत्रं उतरवून घेत असे. १८९७ पासून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला घेतला. १९२४ साली ते गेले तोवर बारा खंड झाले होते. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, तोही वाईला सापडलेल्या कागदांच्या बळावर. म्हणजे पानिपतापर्यंतच्या दहा-बारा वर्षांचं जे आपल्याला नीट कळलं, त्यातलं किती तरी या कृष्णाकाठच्या घरांतून निघालेलं आहे.

खऱ्यांच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे तारखा. जुन्या पत्रात चंद्र असतो, महिना असतो, पण साल बहुतेक वेळा नसतंच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीत असे, मग लिहायचं कशाला? शंभर वर्षांनी येणाऱ्याने मात्र मजकुरातून ताडायचं: अमुक सरदार जिवंत आहे, तमुक किल्ला अजून पडलेला नाही, म्हणजे हे पत्र या सालातलं. एक आधार असायचा. पत्र पोचलं की घेणारा कारकून त्यावर 'पै॥' असं लिहून पोचल्याची तारीख टाकायचा. पैवस्ती म्हणजे पोचलं.

गंमत म्हणजे इमेललाही पैवस्ती असते. आपल्याला दिसत नाही एवढंच. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर लपलेल्या ओळी असतात. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपलं नाव आणि वेळ वर चढवतो. खालून वर वाचत गेलं की पत्राचा सगळा प्रवास कळतो. पाठवलेल्या पत्रांना मात्र हा आधार नाही. त्यांवर तारीख पडते ती पाठवणाऱ्याच्या घड्याळाची. मामांच्या संगणकातली छोटी बॅटरी कधी तरी संपली होती, त्यामुळे यंत्र सुरू केलं की घड्याळ मागे जायचं. परिणाम असा की त्यांची पन्नास-साठ पत्रं १ जानेवारी २००२ ची निघाली. त्यांतल्या एकात पेवात पाणी शिरल्याचं लिहिलं होतं.

ते साल मला ताडावं लागलं नाही. २००५ च्या पावसाळ्यात सांगलीला महापूर आला, हरिपूरच्या पेवांत पाणी गेलं आणि हळदीची माती झाली. पण तारीख? प्रत्येक मेलला एक खूणक्रमांक असतो आणि उत्तर देणाऱ्याच्या मेलमध्ये तो आपोआप येतो. उत्तर आलेलं होतं, त्याला पैवस्ती होती, म्हणजे मामांचं पत्र त्याआधीचं. मजकुरात 'काल वीज आली' असं होतं. खरेशास्त्र्यांची रीत एकविसाव्या शतकातही चालते, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला. आणि पत्र वाचून तो ओसरलाही. त्या आठवड्यात कुणाचा किती माल गेला, कुणी पैशांसाठी थांबायची तयारी दाखवली, कुणी नाही दाखवली, हे त्यांनी रोजच्या रोज गिऱ्हाइकांना कळवलं होतं. घरी आम्हाला एवढंच सांगितलं होतं, "थोडं नुकसान झालं."

दुसरी अडचण लिपीची. मोडी वाचणारे आता हाताच्या बोटांवर आहेत असं आपण म्हणतो. पण मामांची २००३ ची मराठी पत्रंही नव्या संगणकावर वाचता येत नव्हती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण एक्सपीवर ती चालू करायला मुद्दाम सीडी घालून फायली चढवाव्या लागत. लोकांनी त्यापेक्षा शिवाजी, शुषा, किरण असे फॉन्ट वापरले. या फॉन्टांची युक्ती अशी की आत साठवलेली असतात रोमन अक्षरंच, फॉन्ट त्यांना फक्त मराठी कपडे घालतो. फॉन्ट नसेल तर कपडे जातात आणि उरते रोमन अक्षरांची आणि कंसांची खिचडी. नशिबाने पत्रात फॉन्टचं नाव सापडलं, त्यावरून एकेक अक्षर जुळवून लिप्यंतर केलं. मोडीला उतरवायला दोनशे वर्षांनी माणूस लागला. इथे वीसच वर्षं पुरली. आणि खुद्द मोडी २०१४ साली युनिकोडमध्ये दाखल झाली! नाना फडणविसांचं पत्र आज संगणकावर मूळ लिपीत टंकता येतं, मामांचं २००३ चं पत्र मात्र आधी सोडवावं लागतं.

तिसरा प्रश्न यंत्राचा नव्हता. काय न्यायचं आणि काय ठेवायचं? भाचेमंडळींचं मत पडलं की जाहिराती, भावपत्रकं, 'मिळाले, धन्यवाद' छापाच्या मेल गाळून टाकाव्यात. पटण्यासारखं आहे. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातले निवडक कागद काढले, त्यांचेच पंचेचाळीस खंड झाले. निवडीशिवाय इतिहास हातीच लागत नाही. पण तिथे निवडीमागे मूळ दप्तर शाबूत राहिलं, म्हणून नंतरच्या अभ्यासकाला जमाखर्च आणि बाजारभाव शोधायला तिथे जाता आलं. आधीच्यांना जो कचरा वाटतो, त्यातूनच पुढच्याला धान्याचे दर कळतात. मामांची हळदीची भावपत्रकं मी म्हणूनच ठेवली.

उरला तो नाजूक भाग. एक कप्पा नुसता 'घर' नावाचा. त्यात मामांचा त्यांच्या थोरल्या भावाशी झालेला पत्रव्यवहार आहे. ते दोघे शेवटची काही वर्षं बोलत नव्हते असं आम्ही समजत होतो. लिहीत होते असं दिसतं. शिवाय डीबीएक्स फाइलमध्ये पुसलेली पत्रंही काही काळ पडून असतात. अवजारं वापरली तर ती वर काढता येतात. ती मी काढली नाहीत. मामांनी पुसलं ते पुसलं. पटवर्धनांची, नानांची खासगी पत्रं आपण बिनदिक्कत वाचतो, कारण मधे शंभर-दोनशे वर्षं गेलेली असतात. तो काळच परवानगी देतो. मामांना जाऊन तेवढा काळ झालेला नाही, आणि दुसरा भाऊ हयात आहे.

मामीला विचारलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "ने सगळं. फेकू नको काही. पण तो कप्पा आत्ता कुणी उघडायचा नाही."

तसंच केलं. तीन प्रती झाल्या. एक सांगलीत, एक साताऱ्यात, एक दोन्ही गावांपासून दूर, कारण २०१९ च्या ऑगस्टने आम्हाला पुन्हा शिकवलं की कृष्णा नोटीस देऊन येत नाही. प्रत्येकीबरोबर छापील याद ठेवली: काय आहे, कोणत्या यंत्रातून निघालं, कोणत्या प्रकारात आहे, कोणता फॉन्ट, कोणत्या तारखा चुकीच्या आणि का. 'घर'समोर मामीचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

वाचायचं की नाही हे पुढची माणसं ठरवतील. ती आपल्याहून शहाणी असतील असं धरून चालायला हरकत नाही. पण त्यांना ठरवता यायचं तर आधी दप्तर त्यांच्यापर्यंत पोचायला हवं, आणि पोचल्यावर 'पै॥' लिहायला कुणीतरी हवं.