कचऱ्याची झडती आणि खासगीपणाचा हक्क

औषधांची वेष्टने, बँकेची पत्रे, रुग्णालयाची देयके, मद्याची रिकामी बाटली. शेजाऱ्यांनाही ठाऊक नसलेल्या अनेक गोष्टी घरातील कचऱ्याची पिशवी सांगून जाते. तपास यंत्रणांना या पिशवीचे महत्त्व वाटते ते यामुळेच. मात्र, वॉरंटविना ती उघडण्याचा अधिकार पोलिसांना आहे काय, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने गुंतागुंतीचा आहे.

या विषयावरील सर्वाधिक चर्चिला गेलेला निकाल अमेरिकेतील आहे. कॅलिफोर्नियातील लगूना बीच येथील पोलिसांनी १९८४ मध्ये एका संशयिताच्या घरासमोरील पिशव्या कचरा गोळा करणाऱ्याकडून मिळवल्या. त्यांत अमली पदार्थांच्या वापराच्या खुणा सापडल्या आणि त्या आधारे घरझडतीचे वॉरंट घेण्यात आले. 'कॅलिफोर्निया विरुद्ध ग्रीनवुड' या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १६ मे १९८८ रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी ही कृती वैध ठरवली. रस्त्याकडेला ठेवलेली पिशवी कोणाच्याही हाती लागू शकते, त्यामुळे तिच्याबाबत गोपनीयतेची अपेक्षा धरता येत नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९० मध्ये आपल्या राज्यघटनेनुसार वॉरंट आवश्यक मानले.

भारतातील कायदा

भारतात कचऱ्याच्या झडतीसाठी स्वतंत्र कलम नाही. पिशवी घरात असेपर्यंत घरझडतीचेच नियम लागू होतात. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ नुसार वॉरंटविना झडती घेताना कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. कलम १०३ नुसार परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित पंच हवेत, तर कलम १०५ नुसार दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक आहे. पिशवी घंटागाडीत पडली, की घरझडतीचे हे संरक्षण क्षीण होते. गुन्ह्याचा संशय निर्माण करणारी वस्तू कलम १०६ नुसार पोलीस कोठेही जप्त करू शकतात.

तथापि, वस्तू उंबरठ्याबाहेर गेली म्हणजे हक्कही संपला, असे भारतीय न्यायालयांनी मानलेले नाही. कॅनरा बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले, की खासगीपणा हा व्यक्तीचा असतो, जागेचा नव्हे. बँकेच्या हवाली केलेली कागदपत्रेही त्यामुळे संरक्षित राहतात. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले. या हक्कावर घाला घालण्यासाठी कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता आवश्यक ठरते.

पुराव्याचा पेच

खरी अडचण पुढेच आहे. झडती बेकायदा असली तरी तीत सापडलेला पुरावा केवळ त्या कारणाने बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल प्रकरणात १९७३ मध्ये सांगितले. मुंबईतील सोन्याच्या तस्करीसंबंधीच्या नटवरलाल सोनी प्रकरणातही १९७९ मध्ये तीच भूमिका कायम राहिली. दूरध्वनी संभाषणाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वेगळी दिशा दाखवली. बेकायदा ध्वनिमुद्रित केलेली संभाषणे नष्ट करण्याचा आदेश त्या वेळी देण्यात आला.

शहरातील वास्तव

छत्रपती संभाजीनगरात फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावकरांनी कचऱ्याच्या गाड्या रोखल्या आणि वर्गीकरणाचा प्रश्न ऐरणीवर आला. ओला व सुका कचरा वेगळा ठेवणे आरोग्याच्या दृष्टीने अपरिहार्य आहे. परंतु पूर्वी खरकट्यात भिजून जाणारा कागद आता कोरडा आणि वाचनीय राहतो. घंटागाडी, वर्गीकरण केंद्र, भंगाराचे दुकान अशा अनेक ठिकाणी तो हाताळला जातो. कचरा वेगळा केला आहे की नाही, एवढेच पाहण्यापुरती पालिकेची तपासणी असते. त्या निमित्ताने घरातील माणसांची माहिती गोळा होऊ लागली, तर तिला वेगळा कायदेशीर आधार लागेल.

नाव, पत्ता वा खाते क्रमांक असलेले कागद फाडूनच टाकणे, हा साधा उपाय नागरिकांच्या हाती आहे. अर्थात, तपासात सादर करावे लागणारे दस्तऐवज हेतुतः नष्ट करणे हा गुन्हा ठरतो. घराची झडती झाल्यास जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागण्याचा हक्क रहिवाशाला आहे. हक्कभंग झाल्याचे वाटल्यास, १९८१ पासून शहरात असलेल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ अन्वये दाद मागता येते.