दोन आण्यांचा रस्ता

गावचा रस्ता कोणाच्या पैशाने होतो, हा प्रश्न आपण बहुधा रस्ता खचल्यावरच विचारतो. परंतु रस्त्याच्या इतिहासात खडी आणि डांबर यांइतकेच महत्त्व खजिन्याला आहे. त्या खजिन्याची कथा आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवीत आहो.

मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडासाठी घेण्यास प्रारंभ झाला. १८६९ च्या कायद्याने त्यास रीतसर पाया मिळाला. त्यातील एक तृतीयांश शाळांकडे आणि उरलेला भाग रस्ते व तत्सम कामांकडे जाई. पैसा थोडा खरा. पण आणा देणाऱ्या कुणब्याला तो कोठे मुरला हे गावच्या वेशीवर दिसू शके.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आल्या आणि हे गणित मोडले. बैलगाडीची लोखंडी धाव खडीचा चुरा करी; मोटारीचे रबरी चाक तो चुरा शोषून उडवून देई. दोघींच्या तावडीत जुना रस्ता टिकेना. १९१९ च्या सुधारणांनी रस्ते प्रांतांकडे सोपविले होते, प्रांतांनी बहुतेक भार लोकल बोर्डांवर टाकला होता, आणि बोर्डांची थैली तर रिकामी!

अशा वेळी, १९२७ साली, मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली मार्गविकास समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे १९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्त्यांचे काम आता स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर गेले असून ते राष्ट्रीय हिताचे आहे, असा निर्वाळा समितीने दिला. उपायही साधा सुचविला : पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर घ्यावा आणि तो केवळ रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा. १९२९ साली हा निधी उभा राहिला. जो रस्ता झिजवितो त्यानेच तो दुरुस्त करावा, हा त्यातला न्याय कोणासही पटावा.

परंतु वाटणीत एक मेख होती. राखीव भाग ठेवून उरलेली रक्कम प्रांतांना पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात मिळे. जेथे मोटारी फार तेथे अनुदान फार. ज्या मुलखात रस्ताच नाही तेथे मोटार कोठून येणार, आणि मोटार नाही तेथे पैसा कोठून येणार? डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरास जमलेल्या मुख्य अभियंत्यांनी यावर दुसरे माप सुचविले. सुपीक मुलखातील कोणतेही गाव हमरस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, असे त्यांनी म्हटले. येथे माप खपाचे नसून गरजेचे होते. पुढे २००० सालच्या कायद्याने डिझेलवरील उपकराचा निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांसाठी राखला, तेव्हा त्या विचाराला पैशाचे बळ आले.

राखीव निधी टिकविणे मात्र तो उभारण्याहून अवघड असते. २०१८ मध्ये याच निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द आले, आणि वाटेकरी वाढले. कोळशावरील उपकराचेही तसेच झाले. २०१० साली टनामागे ५० रुपयांनी तो सुरू झाला; स्वच्छ ऊर्जेसाठी त्यातून निधी काढावयाचा होता. दर ४०० रुपयांपर्यंत चढला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तो उपकर गेला, आणि कोळशावर राज्यांच्या महसुलाची तूट भरून काढणारा दुसरा उपकर बसला. हवा शुद्ध करण्याच्या नावाने सुरू झालेली वसुली जमाखर्चाचे भोक बुजविण्याकडे वळली.

राज्यांची तूट खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, नाव सांगून घेतलेला पैसा नाव बदलून खर्च होऊ लागला, तर पुढच्या खेपेस लोक चांगल्या कामालाही हात आखडतात. आज पूर आणि उष्मा यांना तोंड देणारे पूल, गटारे, बसगाड्या यांसाठी गावोगाव अनुदाने मागितली जात आहेत. ती अवश्य मागावीत. पण अनुदान आले की सत्काराच्या हारासोबत हिशेबाची वहीही मागावी. एक आणा देणाऱ्या त्या कुणब्याला जे वेशीवर दिसू शके, ते आपल्याला नगरपालिकेच्या दारात दिसावयास नको काय?