रक्तदाबाचा भार एकट्या डॉक्टरवर का?

रक्तदाब मोजायला दोन-चार मिनिटे पुरतात. तो आटोक्यात ठेवण्यासाठी मात्र आयुष्यभर लक्ष द्यावे लागते. गोळी रोज घ्यायची, ठरावीक काळाने तपासणी करायची आणि दुखत-खुपत तर काहीच नसते. अशा वेळी तासभर रांगेत थांबून डॉक्टरांसमोर मिनिटभर बसायचे आणि मागचीच गोळी पुन्हा लिहून घ्यायची, याला कंटाळून अनेक रुग्ण औषध परस्पर बंद करतात. त्यांची पुढची भेट होते ती कित्येकदा पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आल्यानंतरच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. एवढ्या रुग्णांचा नियमित पाठपुरावा केवळ डॉक्टरांच्या बळावर होणे अशक्य आहे. त्यातूनच सांघिक उपचारपद्धतीचा विचार पुढे आला.

सांघिक उपचारपद्धती म्हणजे काय?

डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, समुपदेशक आणि आरोग्य कार्यकर्ता यांनी एकाच रुग्णाची जबाबदारी ठरवून वाटून घेणे, म्हणजे सांघिक उपचारपद्धती. निदान करणे, औषध सुरू करणे आणि गुंतागुंत हाताळणे हे डॉक्टरांचे काम. रक्तदाब मोजणे, नोंद ठेवणे, आहार व व्यसनांबाबत सल्ला देणे, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात की नाही हे पाहणे आणि न आलेल्या रुग्णाला बोलावणे ही कामे प्रशिक्षित सहकारी करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये हृदयविकार प्रतिबंधासाठी ‘हार्ट्स’ हा कृती-संच जाहीर केला. त्यातही सांघिक सेवा हा एक स्वतंत्र घटक आहे.

कॅलिफोर्नियातील अनुभव

या पद्धतीचे नेहमी दिले जाणारे उदाहरण अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियाचे आहे. कायझर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या तेथील रक्तदाबाच्या रुग्णांपैकी २००१ मध्ये ४३.६ टक्के रुग्णांचाच रक्तदाब नियंत्रणात होता. २००९ मध्ये हे प्रमाण ८०.४ टक्क्यांवर गेले. संस्थेने सर्व रुग्णांची एकत्र नोंदवही तयार केली, औषधे कोणत्या क्रमाने वाढवायची याची सोपी कार्यपद्धती ठरवली आणि दोन औषधांची एकच गोळी वापरात आणली. औषधात बदल केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी वैद्यकीय साहाय्यकाकडून रक्तदाब मोजून घेण्याची सोय झाली आणि त्यासाठी रुग्णाला पैसे मोजावे लागत नसत. मोजणीचा आकडा डॉक्टरांकडे जाई आणि पुढचा निर्णय तेच घेत.

भारतात काय घडले?

भारतात २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयुर्विज्ञान संशोधन परिषद, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. ठरलेली औषधयोजना, औषधांचा अखंड पुरवठा, कामाची वाटणी, घराजवळ उपचार आणि नोंदींची व्यवस्था ही या उपक्रमाची पंचसूत्री. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी उपचार सुरू केले, की पुढची मोजणी आणि महिन्याच्या गोळ्या गावाजवळच्या उपकेंद्रातच मिळाव्यात, अशी ही रचना आहे. रक्तदाब चढाच राहिला तर रुग्ण पुन्हा डॉक्टरांकडे पाठवला जातो. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने या उपक्रमाचा गौरव झाला.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० मध्ये जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, प्रसंगी निरक्षर असलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. त्यांच्या पाठीशी फिरते पथक आणि त्यामागे रुग्णालय, अशी साखळी उभी राहिली. या कार्यासाठी आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

शहरातील दवाखान्यात कसे आणावे?

शहरात बहुसंख्य रुग्ण एका डॉक्टरच्या खासगी दवाखान्यात जातात. तेथे मोठा चमू नसला तरी एक परिचारिका किंवा प्रशिक्षित साहाय्यक असला, तरी प्रारंभ करता येतो.

कामांची यादी : डॉक्टरांवाचून होऊ शकणारी कामे कोणती, हे लिहून काढावे आणि प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव असावे.

अचूक मोजणी : रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीत असावा. पट्टा उघड्या दंडावर बांधावा. मोजताना बोलू नये आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी वा तंबाखू घेतलेली नसावी.

लेखी मर्यादा : कोणत्या आकड्याला रुग्णाला ताबडतोब आत पाठवायचे, हे डॉक्टरांनी लिहून द्यावे. छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे असतील, तर आकडा कोणताही असो, थांबू नये.

पाठपुरावा : आठवड्यातून एकदा नोंदवही पाहून न आलेल्या रुग्णांना दूरध्वनी करावा.

अडचणी कुठे येतात?

पहिली अडचण विश्वासाची. ‘डॉक्टरांनी हात लावल्याशिवाय तपासणी कसली?’ असे रुग्णाला वाटते. चूक झाली तर जबाबदार कोण, ही धास्ती डॉक्टरला असते. डॉक्टरांनी स्वतः सहकाऱ्याची ओळख करून दिली आणि नोंदी रोज पाहिल्या, तर दोन्ही शंका बऱ्याच कमी होतात. औषध ठरवण्याची आणि बदलण्याची जबाबदारी मात्र डॉक्टरांचीच राहते.

दुसरी अडचण मोबदल्याची आहे. काम वाटले जाते, पण त्याचा पैसा आणि मान वाटला जात नाही. महाराष्ट्रातील आशा सेविकांना २०२३ मध्ये मानधनवाढीसाठी संप करावा लागला, तो याच दुखण्यातून. डॉक्टरच्या डोक्यावरचे ओझे उचलून ते कमी पगाराच्या कर्मचाऱ्यावर टाकणे, याला सांघिक सेवा म्हणता येणार नाही. कामाबरोबर प्रशिक्षण, अधिकार आणि योग्य मोबदला दिला, तरच चमू टिकतो. आणि चमू टिकला, तरच रुग्णाची गोळी सुटत नाही.