गृहसंस्थेचा अधिकार व सभासदाचें घर

मुंबईच्या सामाजिक इतिहासांत सहकारी गृहसंस्थांचें स्थान मोठें आहे. परंतु सभासद आपलें घर भाड्यानें देऊं लागला असतां त्यास अडविण्याचा अधिकार संस्थेस कोठून आला, याची चिकित्सा क्वचितच होते. ती येथें संक्षेपानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्यानें इतर प्रकारच्या संस्थांस वाट मोकळी झाली, आणि १९१५ सालीं श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या खटपटीनें गांवदेवी येथें सारस्वत गृहसंस्था उभी राहिली. या जातीच्या सहभाडेकरू संस्थेंत जमीन व इमारत हीं दोन्ही संस्थेचीं. सभासद हा भागीदार व त्याच वेळीं संस्थेचा भाडेकरू. अर्थात् ज्या घराचा तो एकटा धनी नव्हे, तें परक्यास देण्यापूर्वीं त्यानें इतर भागीदारांस विचारावें, हें ओघानेंच आलें. संस्थेच्या अधिकाराचें मूळ आमच्या मतें येथेंच आहे.

पुढें घरांची टंचाई वाढली व हाच अधिकार कलहाचें कारण झाला. पोटभाडेकरूस काढण्याचा संस्थेचा दावा संस्थेच्या व्यवहाराशीं निगडित असून तो सहकारी न्यायाधिकाऱ्यापुढें चालूं शकतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं ठरविलें. परंतु १९९० सालीं त्याच न्यायालयानें दुसरी बाजूहि स्पष्ट केली: १ फेब्रुवारी १९७३ रोजीं ज्याचा परवाना चालू होता, त्यास भाडेनियंत्रण कायद्यानें भाडेकरूचें संरक्षण दिलें आहे, संस्थेस सहकारी कायद्याच्या आडवाटेनें तें हिरावून घेतां येणार नाहीं.

द्रव्याच्या बाबतींतहि हेंच घडलें. घर भाड्यानें देणाऱ्या सभासदाकडून कित्येक संस्था भरमसाट बिनभोगवटा आकार घेऊं लागल्या. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आज्ञेनें तो सेवाशुल्काच्या शेंकडा १० पर्यंत मर्यादित झाला. मुंबई उच्च न्यायालयानें २००७ सालीं ती आज्ञा कायम केली.

याउलट, सभासदत्व कोणास द्यावें या प्रश्नांत संस्थेची सत्ता अबाधित राहिली. अहमदाबादच्या पारशी गृहसंस्थेचा केवळ पारश्यांसच सभासद करून घेण्याचा उपविधि २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ग्राह्य मानला.

एवंच, घर कसें वापरावें व त्याबद्दल काय द्यावें, यांवरील संस्थेची सत्ता आकुंचित होत गेली. दाराशीं कोणास उभें करावें ही सत्ता मात्र टिकली. समान गरजेच्या लोकांनीं एकत्र यावें म्हणून निघालेल्या संस्थेंत समान कोण, हें ठरविण्याचा हक्क आंत असलेल्यांच्याच हातीं राहिला. शहरांत निवारा शोधणाऱ्या परक्यास भाड्याच्या नियमांहून हीच गोष्ट अधिक जाचते, हें अभ्यासकांनीं दृष्टीआड करूं नये.