ध्यानचंद की बलबीर सिंग? हॉकीतील श्रेष्ठत्वाचा वाद आणि संघनिवडीचे निकष

गरौठा (झाशी) : झाशी, मोंठ, गरौठा, टहरौली आणि मऊरानीपूर या पाच तहसिलींचा झाशी जिल्हा मराठी वाचकाला प्रामुख्याने नेवाळकर घराण्यामुळे आणि राणी लक्ष्मीबाईंमुळे परिचित आहे. क्रीडाजगतात मात्र हा जिल्हा मेजर ध्यानचंद यांच्या नावाने ओळखला जातो. हॉकीचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा प्रश्न भारतात निघाला की चर्चा झाशीपासून सुरू होते आणि बहुधा पंजाबच्या बलबीर सिंग (सीनियर) यांच्यापर्यंत पोहोचते. दोघांच्याही नावावर प्रत्येकी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके आहेत. दोघेही मध्य आघाडीचे खेळाडू होते. त्यामुळे हा वाद केवळ भावनेचा राहत नाही. श्रेष्ठत्व कोणत्या निकषावर ठरवावे, असा प्रश्न त्यातून उभा राहतो.

असे वाद प्रत्येक सांघिक खेळात आहेत. बास्केटबॉलमध्ये मायकेल जॉर्डन यांच्या बाजूने सहा अजिंक्यपदे मांडली जातात, तर लेब्रॉन जेम्स यांच्या बाजूने 2023 मध्ये करीम अब्दुल जब्बार यांना मागे टाकून केलेला सर्वाधिक गुणांचा विक्रम. एक निकष संघाच्या यशाचा आहे, तर दुसरा व्यक्तीच्या आकड्यांचा. भारतीय हॉकीत या दोहोंच्या जोडीला तिसरा घटक येतो, तो संघनिवडीचा. कोणाला संधी मिळाली, कोणाला वगळले आणि कोणासाठी नियम शिथिल केला, हे पाहिल्यावाचून गोलांची संख्या पुरेसे काही सांगत नाही.

अॅमस्टरडॅम 1928

ध्यानचंद यांचा जन्म 29 ऑगस्ट 1905 रोजी अलाहाबाद येथे झाला. वडील लष्करात होते; पुढे कुटुंब झाशीत स्थायिक झाले. ध्यानचंद 1922 मध्ये सैन्यात शिपाई म्हणून दाखल झाले आणि 1926 च्या न्यूझीलंड दौऱ्यासाठी त्यांची भारतीय लष्कराच्या संघात निवड झाली. तेथील खेळामुळे ते पहिल्या भारतीय ऑलिम्पिक हॉकी संघाचे स्वाभाविक दावेदार ठरले.

त्या संघाची घडण अडचणींतून झाली. पैशांच्या टंचाईमुळे निवडलेल्यांपैकी दोन खेळाडूंना मागे ठेवण्याची वेळ आली होती. मुंबईहून बोटीने निघण्यापूर्वी हा संघ मुंबईच्या स्थानिक संघाकडून 2-3 असा पराभूत झाला. निरोप देण्यासाठी बंदरावर जेमतेम तीन माणसे होती. हाच संघ अॅमस्टरडॅमला पाच सामन्यांत 29 गोल करून आणि एकही गोल न स्वीकारता विजेता ठरला. त्यांपैकी 14 गोल ध्यानचंद यांचे होते. कर्णधार जयपाल सिंग मुंडा अंतिम सामन्याआधीच संघापासून दूर झाले आणि काही खेळाडू आजारी पडले, तरीही 26 मे रोजी यजमान नेदरलँड्सवर 3-0 असा विजय मिळाला. गोलरक्षक रिचर्ड अॅलन यांच्यामागे संपूर्ण स्पर्धेत एकदाही चेंडू गेला नाही. गोलांच्या मोजदादीत अॅलन यांचे नाव कोठेच येत नाही. संघाच्या यशात मात्र त्यांचा वाटा मोठा होता.

लॉस एंजेलिस 1932

चार वर्षांनंतर निवडीचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात समोर आला. ऑलिम्पिक संघ निवडण्यासाठी भारतीय हॉकी महासंघाने आंतरप्रांतीय स्पर्धा भरवली. ध्यानचंद यांना पलटणीने रजा नाकारली, त्यामुळे ते स्पर्धेत उतरू शकले नाहीत. महासंघाने त्यांना चाचणीविना संघात घेतले. इतरांना जी पायरी चढावी लागली, ती त्यांच्यासाठी वगळण्यात आली. सिद्ध खेळाडूला चाचणीतून सूट द्यावी की नियम सर्वांना सारखा असावा, हा आजही निवड समित्यांपुढे येणारा प्रश्न त्या वेळी ध्यानचंद यांच्या बाजूने सुटला.

या स्पर्धेचे आकडे थक्क करणारे आहेत, पण ते जपून वाचावे लागतात. भारताने जपानला 11-1 आणि अमेरिकेला 24-1 असे हरवले. अमेरिकेविरुद्ध रूपसिंग यांनी 10, तर त्यांचे थोरले बंधू ध्यानचंद यांनी 8 गोल केले. संपूर्ण स्पर्धेत रूपसिंग यांचे 13 आणि ध्यानचंद यांचे 12 गोल झाले. गोलसंख्या हाच एकमेव निकष मानला, तर या ऑलिम्पिकचा श्रेष्ठ खेळाडू धाकटा भाऊ ठरतो. शिवाय या स्पर्धेत भारत, जपान आणि अमेरिका असे तीनच संघ उतरले होते. म्हणजे सहभागी झालेल्या प्रत्येक संघाला पदक मिळाले. 24 गोलांच्या विक्रमाचे मूल्य ठरवताना ही परिस्थिती विसरून चालत नाही.

बर्लिन 1936

1936 च्या निवडीपूर्वीही ध्यानचंद यांना रजा मिळाली नाही आणि पुन्हा त्यांची निवड चाचणीविना झाली. या वेळी ते कर्णधार होते. त्याआधी 1935 मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखालील न्यूझीलंड दौऱ्यात संघाने सर्व सामने जिंकले होते. तरीही बर्लिनकडे निघण्यापूर्वी हा संघ दिल्लीच्या संघाकडून 1-4 असा हरला आणि जर्मनीत पोहोचल्यानंतर 17 जुलैच्या सराव सामन्यात जर्मन संघानेही त्याला त्याच फरकाने नमवले.

या पराभवानंतर व्यवस्थापनाने आणि कर्णधाराने संघातील उणीव मान्य केली. आघाडीच्या फळीतील उजव्या आतल्या बाजूची जागा कमजोर होती. भारतात संदेश पाठवून अली इक्तिदार शाह दारा यांना तातडीने बोलावण्यात आले. त्या काळी खेळाडूला विमानाने परदेशी धाडणे हा असामान्य निर्णय होता. दारा उपांत्य सामन्यापूर्वी पोहोचले. भारताने फ्रान्सवर 10-0 असा विजय मिळवला आणि 15 ऑगस्ट रोजी अंतिम सामन्यात जर्मनीचा 8-1 असा पराभव केला. मध्यंतराला भारताची आघाडी अवघ्या एका गोलाची होती. उरलेले सात गोल उत्तरार्धात झाले. संपूर्ण स्पर्धेत भारताने 38 गोल केले आणि एकच स्वीकारला.

या अंतिम सामन्यात ध्यानचंद यांचे गोल किती, याबाबत नोंदींमध्ये एकवाक्यता नाही. काही ठिकाणी सहा, तर काही ठिकाणी तीन गोल त्यांच्या नावावर दाखवले आहेत. गाजलेल्या सामन्याच्या नोंदीतच दुपटीचा फरक पडत असेल, तर त्या काळातील एकूण गोलसंख्येवरून दोन खेळाडूंचा क्रम लावणे किती धोक्याचे आहे, हे स्पष्ट होते. दारा यांच्या समावेशाचा परिणाम मात्र वादातीत आहे. फाळणीनंतर हेच दारा 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पाकिस्तानच्या पहिल्या हॉकी संघाचे कर्णधार झाले.

बलबीर सिंग यांचा दावा

बलबीर सिंग यांच्या समर्थकांचा मुख्य मुद्दा प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाचा आहे. 1928 ते 1936 या तिन्ही ऑलिम्पिकमध्ये ग्रेट ब्रिटनचा हॉकी संघ उतरला नव्हता. 1948 मध्ये तो लंडनच्या मैदानावर अंतिम फेरीत भारतासमोर होता. स्वतंत्र भारताने तो सामना 4-0 असा जिंकला आणि त्यांतील दोन गोल बलबीर यांचे होते.

त्यांची कथाही संघनिवडीपासून वेगळी करता येत नाही. लंडनमध्ये भारत पाच सामने खेळला. बलबीर त्यांपैकी दोनच खेळले. अर्जेंटिनाविरुद्ध सहा गोल केल्यानंतरही त्यांना पुढच्या सामन्यांत बाहेर बसावे लागले आणि ते थेट अंतिम सामन्यात परतले. दोन सामन्यांत आठ गोल, ही त्या स्पर्धेतील त्यांची नोंद. 1952 मध्ये हेलसिंकी येथे भारताच्या एकूण 13 गोलांपैकी नऊ त्यांचे होते. नेदरलँड्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारताने केलेल्या सहा गोलांपैकी पाच त्यांनी केले. पुरुष हॉकीच्या ऑलिम्पिक अंतिम सामन्यातील हा वैयक्तिक विक्रम मानला जातो. 1956 मध्ये मेलबर्नला ते कर्णधार होते. अफगाणिस्तानविरुद्ध पाच गोल केल्यानंतर बोटाला अस्थिभंग झाला, तरी पाकिस्तानविरुद्ध 1-0 असा जिंकलेला अंतिम सामना ते खेळले. एकूण आठ ऑलिम्पिक सामन्यांत त्यांचे 22 गोल झाले, म्हणजे सरासरी सामन्यामागे पावणेतीन. ध्यानचंद यांचे ऑलिम्पिक सामने 12. नोंदींतील तफावत धरूनही त्यांची सरासरी तीनच्या आसपास राहते. आकड्यांतील हे अंतर निर्णायक म्हणावे इतके मोठे नाही.

गोलापलीकडचा निकष

या वादात ध्यानचंद यांचे स्वतःचे मत सहसा कोणी विचारात घेत नाही. त्यांचे आत्मचरित्र ‘गोल’ 1952 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या सर्वोत्तम सामन्याचा उल्लेख करताना त्यांनी बर्लिन किंवा अॅमस्टरडॅम निवडले नाही. त्यांनी निवडला तो कोलकात्यातील 1933 च्या बायटन चषकाचा अंतिम सामना. झाशी हीरोज या त्यांच्या गावच्या संघाने बलाढ्य कलकत्ता कस्टम्सला 1-0 असे हरवले. प्रतिस्पर्ध्यांची आक्रमणे थोपवत असतानाच ध्यानचंद यांनी मैदानाच्या मध्यातून लांब पास दिला आणि इस्माईल यांनी वेगाने धावत जाऊन गोल केला. ज्या खेळाडूला जग गोलांसाठी ओळखते, त्याने आपला सर्वोत्तम सामना म्हणून स्वतः गोल न केलेला सामना निवडावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. सहकाऱ्याला योग्य जागी, योग्य क्षणी चेंडू देणे हे काम त्या काळच्या नोंदवहीत कोठेच नोंदले जात नसे. रूपसिंग यांचे लॉस एंजेलिसमधील 13 गोल वाचतानाही हे ध्यानात ठेवावे लागते.

काळाचा फरकही मोठा आहे. दोघेही नैसर्गिक गवतावर आणि ऑफसाइडच्या नियमात खेळले. ऑलिम्पिक हॉकी 1976 मध्ये कृत्रिम मैदानावर गेली आणि पुढे ऑफसाइडचा नियमही रद्द झाला. त्यामुळे नंतरच्या पिढ्यांशी त्यांची तुलना आणखी अवघड होते.

महाराष्ट्राचा अनुभव

कामगिरी आणि निवड यांचे नाते किती ताणले जाऊ शकते, याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण पुण्याजवळील खडकीच्या धनराज पिल्ले यांचे आहे. चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळलेल्या धनराज यांच्या नेतृत्वाखाली भारताने 1998 मध्ये बँकॉक येथे आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक 32 वर्षांनंतर परत मिळवले. त्यानंतर लगेचच त्यांच्यासह अनेक प्रमुख खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. खेळाडूंच्या मानधनाबद्दल आणि सोयींबद्दल उघडपणे बोलल्याची ही किंमत असल्याची टीका तेव्हा झाली. रजा नसतानाही ध्यानचंद यांना संघात घेणारी व्यवस्था आणि सुवर्णपदकानंतर कर्णधाराला बाहेर ठेवणारी व्यवस्था एकाच खेळातली आहे. खेळाडूच्या नावापुढील आकडा अशा निर्णयांतूनही घडतो.

भारतरत्नचा प्रश्न

श्रेष्ठत्वाच्या या चर्चेला सार्वजनिक महत्त्व आले ते भारतरत्न पुरस्कारामुळे. 2011 मध्ये निकष बदलून हा सन्मान मानवी कर्तृत्वाच्या कोणत्याही क्षेत्रासाठी खुला झाला. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने 2013 मध्ये ध्यानचंद यांच्या नावाची शिफारस केली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सचिन तेंडुलकर यांच्या नावाची घोषणा झाली आणि 2014 मध्ये ते हा सन्मान स्वीकारणारे पहिले खेळाडू ठरले. तेंडुलकर यांच्या पात्रतेबद्दल फारसे दुमत नव्हते. आधी कोण, हा वादाचा विषय होता. हा सन्मान मरणोत्तर देण्याची परंपरा जुनी आहे. 2024 मध्ये भारतरत्नसाठी पाच नावे जाहीर झाली, त्यांत खेळाडू नव्हता.

ध्यानचंद यांचे निधन 3 डिसेंबर 1979 रोजी दिल्लीत झाले आणि अंत्यसंस्कार झाशी हीरोजच्या मैदानावर करण्यात आले. 1956 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले होते. त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो, दिल्लीतील राष्ट्रीय स्टेडियमला त्यांचे नाव आहे आणि 2021 पासून देशाचा सर्वोच्च क्रीडा पुरस्कारही ‘मेजर ध्यानचंद खेलरत्न’ या नावाने दिला जातो. 1957 मध्ये पद्मश्री मिळालेले बलबीर सिंग यांचे 25 मे 2020 रोजी निधन झाले. त्यांच्यासाठीही भारतरत्नची मागणी होत आली आहे.

या दोन नावांना एकत्र आणणारा एक प्रसंग भारतीय हॉकीच्या इतिहासात आहे. 15 मार्च 1975 रोजी क्वालालंपूर येथे भारताने पाकिस्तानला 2-1 असे हरवून आपला आजवरचा एकमेव विश्वचषक जिंकला. त्या संघाचे व्यवस्थापक बलबीर सिंग होते आणि विजयी गोल अशोक कुमार यांनी केला. अशोक कुमार हे ध्यानचंद यांचे पुत्र.