भाताच्या ओलाव्यावर कडधान्य : छत्तीसगडमधील उतेरा पद्धत आणि उत्पादनवाढीचे उपाय

छत्तीसगडच्या मैदानी प्रदेशात भात हे खरिपाचे मुख्य पीक आहे. कापणीनंतर सिंचनाअभावी मोठे क्षेत्र पडीक राहते. अशा जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर कडधान्य घेणे, हा कोरडवाहू शेतकऱ्याला दुसरे पीक मिळवून देणारा मार्ग आहे.

यासाठी 'उतेरा' ही परंपरागत पद्धत प्रचलित आहे. भाताच्या कापणीपूर्वी साधारण १५ ते २० दिवस उभ्या पिकात लाखोळी, मसूर किंवा जवसाचे बी फेकून पेरले जाते. स्थानिक भाषेत 'कन्हार' आणि 'डोरसा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, ओलावा धरून ठेवणाऱ्या जमिनी यासाठी योग्य ठरतात. मशागतीचा खर्च वाचतो. मात्र खत, निंदणी व बीजप्रक्रिया यांअभावी उत्पादन कमी मिळते.

लाखोळी म्हणजेच खेसारी. छत्तीसगडमध्ये तिला तिवरा म्हणतात. तिच्या दाण्यातील ओडॅप या विषारी घटकामुळे, दीर्घकाळ मुख्य आहार म्हणून ती खाल्ल्यास पायांना कायमचा पक्षाघात होऊ शकतो. त्यामुळे १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली होती. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ओडॅपचे प्रमाण कमी असलेले 'प्रतीक' आणि 'महातिवरा' हे वाण विकसित केले. त्यामुळे सुधारित बियाण्याची निवड ही उत्पादनाइतकीच आरोग्याचीही बाब ठरते.

उत्पादनवाढीसाठी पेरणीपूर्वी बियाण्यास प्रथम बुरशीनाशक व त्यानंतर रायझोबियम जिवाणूसंवर्धक चोळावे. गुळाच्या थंड द्रावणात कालवलेले संवर्धक लावून बी सावलीत सुकवावे. रायझोबियम मुळांवरील गाठींत हवेतील नत्र स्थिर करते. उतेऱ्यात बी फेकताना शेतात पाणी साचलेले नसावे, अन्यथा ते कुजते. कापणीनंतर पेरल्या जाणाऱ्या हरभऱ्यास उशीर झाल्यास फुलोरा व दाणे भरण्याच्या काळात ओलावा कमी पडतो आणि उष्णताही वाढते. पाण्याची सोय असल्यास फुलोऱ्यापूर्वी एक आणि घाटे भरताना एक पाळी लाभदायक ठरते. घाटे अळीवर लक्ष ठेवण्यासाठी कामगंध सापळे लावावेत, तर पक्ष्यांना अळ्या टिपता याव्यात म्हणून शेतात मचाणे उभारावीत. भाताच्या बांधांवर तूर लावल्यास अतिरिक्त उत्पन्न मिळते.

तथापि, एकट्या शेतकऱ्याच्या प्रयत्नांनी हे साध्य होत नाही. भात निघाल्यावर जनावरे मोकळी सोडण्याची प्रथा हा रब्बी पिकांपुढील मोठा अडथळा आहे. गावाने एकत्र येऊन चराईबंदी पाळण्याच्या 'रोका-छेका' या परंपरेस राज्य शासनाने २०२० मध्ये मोहिमेचे स्वरूप दिले.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू केलेल्या कडधान्य आत्मनिर्भरता अभियानासाठी ११,४४० कोटी रुपयांची तरतूद असून, २०३०-३१ पर्यंत ३५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. भातानंतर पडीक राहणाऱ्या जमिनींना या अभियानात विशेष स्थान आहे. विदर्भातील भंडारा, गोंदिया व गडचिरोली या भातउत्पादक जिल्ह्यांतही लाखोळी याच रीतीने घेतली जात असल्याने, रायपूर परिसरातील हा अनुभव तेथील शेतकऱ्यांनाही उपयुक्त आहे.